शिक्का मारण्याआधी पोरांना काम सांगा



पेरण्या आटोपल्या, डवऱ्याचा पहिला फेर झाला की आपल्या गावात एक दिवस सात-आठ पोरं उतरतात. अंगात एकसारखे टी-शर्ट, डोक्यावर टोपी, हातात कॉलेजच्या नावाचे फ्लेक्स. एखाद्या शेताच्या धुऱ्यावर ते फ्लेक्स धरायचे, मध्ये शेतकरी उभा करायचा, त्याच्या हाती टोपल्यात मूठभर बियाणे द्यायचे आणि फोटो काढायचा. दोन दिवसांनी पेपरात बातमी येते : कृषिदूतांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक. पेरणी होऊन पंधरा दिवस झाले, रोपं वीतभर वर आली, आता बीजप्रक्रिया कशावर करायची, हे मात्र कोणी विचारत नाही. शेतकरी भला माणूस. पोरं दुरून आली, चहा पाजू, फोटोला उभं राहू, आपलं काय जाते?

मग तीच पोरं ग्रामपंचायतीत येतात. "साहेब, येवढी सही द्या न." ग्रामसेवक सही करतो, शिपाई शिक्का मारतो, काम संपले. (२०२४ मध्ये सरकारने ग्रामसेवकाचे नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केले. गावात मात्र तो ग्रामसेवकच आहे, म्हणून मीही तेच लिहितो.)

माझे म्हणणे असे की हा शिक्का इतका स्वस्त ठेवू नका. तो शिक्का त्या पोरांच्या पदवीचा भाग आहे. त्याच्याशिवाय त्यांचे गुण अडतात. म्हणजे तुमच्या हातात काहीतरी आहे आणि ते तुम्ही रोज चहासोबत फुकट देऊन टाकता.

हे प्रकरण नीट समजून घ्या. कृषी महाविद्यालयाची जी चार वर्षांची पदवी आहे, तिच्या नावात आता ऑनर्स हा शब्द लागला आहे. शब्दाने दिपून जायचे कारण नाही. जो पोरगा चार वर्षे पास होतो त्या प्रत्येकाला ही ऑनर्सची पदवी मिळते. पण त्या पदवीत सातवे सत्र गावासाठी राखलेले आहे. त्याला ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणतात. पोरं असली तर कृषिदूत, पोरी असल्या तर कृषिकन्या. त्या सत्रात त्यांनी गावात राहून काही आठवडे शेतकऱ्याबरोबर काम करायचे असते, कृषी विज्ञान केंद्रात जायचे असते, शेतीवरचा एखादा कारखाना पाहायचा असते. हा सगळा वेळ अभ्यासच आहे, त्याला गुण आहेत. गावात येऊन ते आपल्यावर उपकार करत नाहीत आणि आपणही त्यांच्यावर करत नाही. देणेघेणे आहे. फक्त आपण आपली घ्यायची बाजू विसरलो.

आता दुसरी गोष्ट. आजवर ही पोरं फक्त कृषीची असत, नाहीतर राष्ट्रीय सेवा योजनेची, जी हिवाळ्यात सात दिवसांचे शिबिर घेऊन शाळेत मुक्कामाला येतात. पण नव्या शैक्षणिक धोरणाने साध्या बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.लाही चौथे वर्ष जोडले आहे. तीन वर्षे केली तर पदवी, चौथे केले तर ऑनर्स. ज्याला पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के मिळाले तो चौथ्या वर्षी संशोधन घेऊन ऑनर्स करू शकतो. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत हे २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. म्हणजे जो पोरगा २०२४ साली आपल्या तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला बसला, त्याचे ऑनर्सचे वर्ष २०२७-२८ मध्ये येते. आणि त्याच्या आधीच्या तीन वर्षांतही क्षेत्र प्रकल्प, समाजात जाऊन करायचे काम, प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण, असे सगळे गुणांसकट ठेवलेले आहे. ही हजारो पोरं प्रकल्प करायला जातील कुठे? अमरावती-अकोल्याला पुण्यासारखे कारखाने नाहीत. ती तुमच्याकडेच येतील, कागद घेऊन. तुम्ही त्यांना कागदावर पाठवले तर ती कागदावरच परत जातील.

आपल्या वऱ्हाडात तर हे चालायला नको. इथले शिक्षण कोणी आयते आणून दिलेले नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेत एडिंबरो, ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परत आले आणि अमरावतीत सर्व जातींच्या पोरांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. कुणब्याच्या पोराला राहायला जागा नाही म्हणून त्याचे शिक्षण सुटू नये, हा साधा हिशेब त्यामागे होता. पुढे ते दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री होते. त्यांच्याच काळात १९५९-६० च्या हिवाळ्यात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ ला सुरू झाले, तेही १९६७ च्या आंदोलनात माणसांनी जीव गमावल्यावर. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला नागपूरपासून वेगळे झाले. त्याला आज संत गाडगेबाबांचे नाव आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत, फोटो काढायला कोणी नसे. त्यांच्या नावाच्या विद्यापीठातली पोरं आपल्या गावात झाडू धरून फोटोपुरती उभी राहतात आणि आपण सारे बघतो, हे बरे नव्हे.

बरं, मग काम कोणते सांगायचे? इथेच घोडे अडते. सरपंचाला विचारले तर तो म्हणतो, "झाडं लावा, नाहीतर रॅली काढा." झाडं लावायला कॉलेजचा पोरगा कशाला पाहिजे? ज्या कामाला मोजमाप लागते, लिहून ठेवावे लागते, चार ठिकाणी फिरून आकडा आणावा लागतो, ते काम या पोरांना द्या. तुम्हाला आम्हाला तेवढी सवड नसते. त्यांचा अभ्यासच तो आहे.

पहिले काम घरच्या सोयाबीन बियाण्याचे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून किती गावांत बोंब झाली, दुबार पेरणी किती जणांना करावी लागली, ते आठवा. घरचे बियाणे असेल तर उगवण तपासून पेरायचे, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. करतो कोण? ओल्या गोणपाटावर शंभर दाणे, दहा-दहाच्या दहा ओळी, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे, आठवडाभरात किती उगवले ते मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी तीस किलो बियाणे बरोबर. सत्तरच्या खाली गेले तर त्या मानाने बियाणे वाढवायचे. साठच्याही खाली गेले तर ते बियाणे म्हणून वापरायचे नाही. एका घराला हे जड नाही, पण मे महिन्यात लगीनसराई, खताची धावपळ, कर्जाचे कागद. राहून जाते. आता समजा, तालुक्याच्या कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची दहा पोरं मे महिन्यात क्षेत्र प्रकल्पाला गावात आली. दोनशे घरांचे बियाणे, प्रत्येकाचे नमुने, नाव-नंबर टाकून शाळेच्या खोलीत मांडले. पंधरा दिवसांत सगळ्या गावाला कळेल की कोणाचे बियाणे चालते आणि कोणाचे नाही. ज्याचे चांगले निघाले त्याच्याकडून शेजाऱ्याने घ्यावे. एक दुबार पेरणी वाचली तरी त्या पोरांच्या चहाचे पैसे निघाले. आणि पोरांना दोनशे घरांचा खरा आकडा मिळाला. असा आकडा त्यांच्या मास्तरांकडेही नसतो.

दुसरे काम पऱ्हाटीचे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केले ते सांगायला नको. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. अळी दिसली की घाबरून फवारा आणि मिसळेल ते औषध मिसळा, हेच त्यामागे होते. कामगंध सापळे हेक्टरी पाच लावायचे, एका सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन दिवस सापडले तर फवारणीचा विचार करायचा, ही शिफारस किती वर्षांपासून आहे. सापळे लावतात बरेच जण. रोज मोजतो कोण? कृषिदूत नेमके त्याच दिवसांत गावात असतात. त्यांना सांगा, बाबांनो, गावाच्या चार दिशेला चार शेतं घ्या, सापळे रोज सकाळी मोजा आणि पतंगांचा आकडा पारावरच्या फळ्यावर खडूने लिहा. त्या फळ्यामुळे एखाद्या आठवड्यात सगळ्या गावाची एक फवारणी वाचू शकते. आणि फवारताना तोंडाला फडके, हातात मोजे, वाऱ्याच्या दिशेला पाठ, हेही त्यांनी फवारणाऱ्या मजुरालाच दाखवावे. मालकाला दाखवून काय उपयोग? पंप मजुराच्या पाठीवर असतो.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांनी, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या बाजूच्या, रसायनशास्त्राच्या पोरांना धरावे. गावातल्या प्रत्येक विहिरीचे, बोअरचे, हातपंपाचे पाणी बाटलीत भरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्यायचे, क्षार किती ते काढायचे, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. कोणते पाणी ओलिताला चालते, कोणत्याने जमीन खराब होते, कोणते माणसाने पिऊच नये, याचा गावाचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे. वरूड-मोर्शीच्या संत्रावाल्यांनी विहिरींची पाणीपातळी मोजून घ्यावी. भूजल विभाग वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजतो, पण त्या मोजक्याच. तुमच्या बागेजवळची विहीर त्यात असेलच असे नाही. वरूडच्या लोकांना हे नवीन नाही. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत जे तीनच तालुके होते त्यात वरूड एक होता. गावाने आधी पाणलोटाची आखणी केली, मग श्रमदानाला बाहेरची माणसे आली. काम आधी ठरलेले होते म्हणून आलेला हात वाया गेला नाही. मी म्हणतो ते याहून वेगळे नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे पोट्टे आमाले काय शिकवतीन? बरोबर आहे. त्यांनी आपल्याला शिकवावे असे मी म्हणतच नाही. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, त्यातले कितीतरी सातारा-सांगलीकडून इथल्या कॉलेजात आलेले. पऱ्हाटीची वखरणी त्यांनी कधी पाहिलेली नसते. त्यांना तुम्ही शिकवा. त्यांनी मोजावे, लिहावे आणि आपल्याला दाखवावे. चुकतील, तर पुन्हा मोजतील. आणि एक सांगतो, त्यांना फुकटचे मजूर समजू नका. सरपंचाच्या वावरात कापूस वेचायला पोरं लावणे किंवा निवडणुकीच्या यादीसाठी फिरवणे, असले प्रकार कानावर येतात. ते बंद करा. कृषिकन्या मुक्कामाला आल्या तर त्यांना संडास-न्हाणी असलेली बरी खोली आणि एखाद्या बाईमाणसाचे घर शेजारी, एवढी काळजी गावाने घ्यावी. दुसऱ्याची लेक आहे.

ग्रामसेवक साहेबांनी एवढे करावे. १ मेच्या ग्रामसभेत गावाची तीन-चार कामे ठरवावीत आणि ठरावात लिहावीत. त्या ठरावाची प्रत जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना पत्रासोबत पाठवावी, की आमच्या गावात तुमची पोरं येणार असतील तर ही कामे आहेत. घातखेड, दुर्गापूर, सिसा इथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, त्यांनाही एक प्रत द्यावी. काम झाले की पोरांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उभे राहून मराठीत वाचून दाखवावे, लोकांनी प्रश्न विचारावेत, आणि मगच शिक्का. ग्रामपंचायत विकास आराखडा त्याच सुमारास तयार होतो. पाण्याचा, बियाण्याचा खरा आकडा हातात असेल तर आराखड्यात मागल्या वर्षीचीच यादी उतरवावी लागणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे, त्या वहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात राहिली पाहिजे. आजवर किती कृषिदूत आले, त्यांनी गावाची किती माहिती लिहून नेली, आणि गावात त्याचा एक कागद शिल्लक नाही. सगळे कॉलेजच्या कपाटात पडून आहे.

हा झाला बाहेरून येणाऱ्या पोरांचा विषय. आता आपल्या स्वतःच्या पोरांचे बघा. तुमचा पोरगा किंवा पोरगी अमरावतीला, अकोल्याला शिकते. तिथे वर्षभर काय काय चालते याची तुम्हाला कल्पना नाही आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा त्यालाही नसते. विद्यापीठाचा युवा महोत्सव असतो. आविष्कार नावाची संशोधन स्पर्धा असते. ती आधी विद्यापीठात होते, मग राज्यात, आणि तिच्यात शेती व पशुसंवर्धनाचा स्वतंत्र गट आहे. बंगळूरच्या विज्ञान अकादमीसह देशातल्या तीन अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. मोठ्या संशोधन संस्थेत राहून काम करायचे, वर विद्यावेतन. कृषीच्या पोराला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची परीक्षा देऊन दिल्लीच्या पुसा संस्थेत शिकता येते. हुशार पोराला उचलून नेणाऱ्या या शिड्या आहेत. पण नोटीस इंग्रजीत लागते, आणि पाचची बस धरायची म्हणून पोरगा नोटीस बोर्डापाशी थांबत नाही. जो शहरात राहतो, ज्याचे मायबाप शिकलेले, त्याला घरीच कळते. आपल्या पोराला तारीख उलटल्यावर कळते.

त्यात आपण भर घालतो. त्या उन्हाळी शिष्यवृत्तीचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरायचे असतात. मास्तरांचे शिफारसपत्र घ्यायचे असते, काय काम करायचे ते लिहायचे असते. आणि नेमके तेव्हाच आपण फोन करतो, "सोयाबीन सोंगणीले ये, मजूर भेटत नाही." मग कापसाची पहिली वेचणी. पोरगा येतो, चार दिवसांचे पंधरा होतात. मजुरांची टंचाई मला ठाऊक नाही असे नाही. एकरभर सोंगायला काय मोजावे लागते तेही ठाऊक आहे. तरी म्हणतो, त्या महिन्यात पोराला बोलावण्याआधी एक प्रश्न विचारा : बापू, कॉलेजात सध्या कशाचे अर्ज चालू आहेत? त्याला सांगता आले नाही, तर त्याला सोंगणीला बोलावण्याऐवजी मास्तरांकडे पाठवा. पोरींच्या बाबतीत तर आपण विचारतही नाही. युवा महोत्सवाला, आविष्कारला दोन दिवस बाहेरगावी जावे लागते, म्हटले की विषय संपतो. सोबत कॉलेजच्या बाई असतात, चार पोरी असतात. कॉलेजला फोन करून खात्री करून घ्या, पण नाही म्हणू नका.

आणि आविष्कारला न्यायचे काय, असे पोरगा विचारेल, तर वर सांगितलेली कामे पुन्हा वाचून दाखवा. दोनशे घरांच्या बियाण्याची उगवण, नाहीतर पूर्णाकाठच्या एका गावातल्या साऱ्या विहिरींचे पाणी. पुण्या-मुंबईच्या पोरांजवळ असला विषय नाही. तो आपल्या गावात पडलेला आहे, आणि दुसऱ्या गावचा कृषिदूत तो वहीत लिहून नेतो.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या पोरांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी पंजाबराव देशमुखांच्याच नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे, अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. तिला उत्पन्नाचा दाखला लागतो, अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो. हे दाखले तलाठी कार्यालयातून आणि तहसिलीतून निघतात. तलाठी मंडळींना म्हणून एवढीच विनंती की कॉलेजचा पोरगा दाखल्याला आला तर आधी त्याच्या अर्जाची शेवटची तारीख विचारा, आणि मग "उद्या ये" म्हणायचे की आत्ताच सही करायची ते ठरवा.